लेंकराच्या पोटांत विष जातें तेव्हां

३१ जानेवारी २०२१ हा रविवार पोलिओ लसीकरणाचा दिवस होता. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यांतील कापसी-कोपरी या गांवीं आयाबाया आपलीं लेंकरें घेऊन केंद्रावर आल्या. पांच वर्षांखालील १२ मुलांच्या तोंडांत थेंब पडले. परंतु ते लसीचे नव्हते, हात निर्जंतुक करावयाच्या सॅनिटायझरचे होते. चूक ध्यानांत येतांच मुलांना परत बोलावून खरी लस पाजण्यांत आली. मळमळ, उलटी, अस्वस्थपणा हीं लक्षणें दिसूं लागलीं आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत त्यांना देखरेखीखालीं ठेवावें लागलें. सर्व मुलें वांचलीं. चूक कोणाची, शिक्षा कोणास, याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. मातेपुढील प्रश्न मात्र निराळाच असतो. घटकेपूर्वीं खेळत असलेलें मूल एकाएकीं मलूल झालें, तर डॉक्टरांपर्यंत पोंचण्याआधीं तिनें काय करावें?

सॅनिटायझरमध्यें मुख्यतः मद्यार्क असतो, साठ-सत्तर टक्के किंवा त्याहूनहि अधिक. मोठ्या माणसाला ज्याची केवळ गुंगी यावी, तो लहान मुलाला वेगळ्याच रीतीनें घातक ठरतो. दोन जेवणांच्या मधल्या काळांत यकृत रक्ताला साखर पुरवीत असतें. मद्यार्क त्या कामांत अडथळा आणतो. आणि मुलाच्या यकृतांत साखरेचा सांठा मुळांतच थोडा. रक्तांतील साखर उतरली कीं मूल सुस्तावतें, त्याला दरदरून घाम फुटतो, प्रसंगीं आंचके येतात. हें सारें कांहीं तासांनीं घडूं शकतें. म्हणूनच “झोंपलें आहे, आतां उतार पडला” असें समजून दिवा मालवणें धोक्याचें. तें हांकेला ओ देतें कीं नाहीं, श्वास कसा चालतो, हें वरचेवर पाहावें लागतें, आणि तें रुग्णालयांतच नीट होतें.

घरांतील वडीलधारीं माणसें अशा वेळीं मिठाचें पाणी पाजून किंवा घशांत बोट घालून उलटी करवूं पाहतात. हेतु चांगला, पण उपाय वाईट. उलटी श्वासनलिकेंत शिरते. आणि पोटांत गेलेलें अति मीठ हें स्वतःच लहान मुलाला विष होतें. रॉकेल प्यालेल्या मुलाला तर उलटी करविणें विशेष घातक, कारण रॉकेल फुप्फुसांत उतरतें. मुलाचें तोंड ओल्या फडक्यानें पुसावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सॅनिटायझर पोटांत गेलें असून मूल शुद्धीवर असेल व नीट गिळत असेल, तर डॉक्टरांस विचारून अंगावर पाजावें किंवा साखरेचें पाणी द्यावें. बेशुद्ध असेल वा आंचके येत असतील, तर तोंडांत थेंबहि घालूं नये. कुशीवर निजवावें, हातपाय दाबून धरूं नयेत, आणि आंचका किती वेळ टिकला तें घड्याळांत पाहावें.

एक गोष्ट घाईंत हटकून राहून जाते. जी बाटली मुलाच्या हातीं लागली, ती बरोबर न्यावी. डॉक्टरांना मुलाच्या वर्णनापेक्षां बाटलीवरील चिठ्ठी अधिक सांगते. यवतमाळ हा कपाशीचा मुलूख. २०१७ सालीं येथें फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले. तें औषध घरांतल्या कोनाड्यांत, कधीं सरबताच्या रिकाम्या बाटलींतहि ठेवलेलें असतें. तें अंगावर सांडलें असेल तर कपडे काढून साबणानें मुलाला आधीं धुवावें. तें कातडींतूनहि शरीरांत भिनतें.

राहिली लसीची भीति. ती अस्थानीं आहे. भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें हावडा जिल्ह्यांत आढळला, तो याच दोन थेंबांच्या बळावर. लसीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यांत चौकोन छापलेला असतो. चौकोन वर्तुळाहून फिका असला तर लस उन्हानें बिघडलेली नाहीं. सॅनिटायझरच्या बाटलीवर तसली खूण नसते. मुलाचें तोंड उघडण्यापूर्वीं आईनें ती कुपी पाहावयास मागावी.