शांघायची आयी



"तुमच्या चीनमधल्या दिवसांबद्दल बोला," असं समितीने सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही जरा बुचकळ्यात पडलो. रुग्णांसाठी निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात चीन कुठून आला? पण विचार केल्यावर संबंध सापडला. तो सांगतोच, पण आधी थोडी गंमत.

अमेरिकेत येण्याआधी 2016 ते 2019 अशी तीन वर्षं आम्ही शांघायला होतो. तिथली मेट्रो सुरू झाली 1993 साली, आणि आमच्या वेळेपर्यंत तिचं जाळं सहाशे किलोमीटरच्या वर गेलं होतं. स्टेशनांची नावं इंग्रजीतही लिहिलेली, त्यामुळे पहिल्या आठवड्यात वाटलं, जमलं की! पण मेट्रोतून बाहेर पडलं की आम्ही अंगठाछाप. घरात इंजिनीयरिंगच्या दोन डिग्र्या, आणि दुकानात मीठ कुठलं नि साखर कुठली हे पुडा चाचपून ठरवायचं! "आम्ही मांस खात नाही" हे चिनी वाक्य घोकून पाठ केलं होतं. तरी फरसबीच्या भाजीत खिमा यायचाच. त्यांच्या मते ते मांस नव्हे, नुसती चव!

परदेशी माणसाला तिथे 'लाओवाय' म्हणतात. 'वाय' म्हणजे बाहेर. खरं सांगायचं तर माणसांनी आम्हाला फारसं बाहेरचं मानलं नाही, यंत्रांनी मात्र मानलं. तिथल्या नागरिकांचा ओळखपत्र क्रमांक 18 स्थानांचा, आणि नाव बहुधा दोन-तीन अक्षरांचं. सगळ्या सिस्टिम त्याच मापाने शिवलेल्या. त्यात आमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही मालगाडी मावणार कशी? रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढलं तरी स्थानिक लोक मशीनवर कार्ड टेकवून मोकळे व्हायचे, आणि आम्ही पासपोर्टवाले खिडकीच्या रांगेत. भाजीवालीसुद्धा पैशांसाठी क्यूआर कोड पुढे करायची, पण तेव्हा त्यासाठी तिथल्या बँकेचं खातं लागायचं. परदेशी कार्ड फोनला जोडणं 2023 पासून बरंच सोपं झालंय म्हणे. आमचं खातं उघडेपर्यंत मात्र ती बिचारी आमच्यासाठी सुटे शोधत बसायची.

या सगळ्यावर आपण हसू शकतो. पण एका रात्री आमच्या मुलीला सडकून ताप चढला आणि हसू पळालं. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात आधी नावनोंदणीची खिडकी, तिथे पैसे, मग डॉक्टर. त्यांनी तपासणी लिहून दिली की पुन्हा पैशांची खिडकी, मग रक्त, मग रिपोर्ट घेऊन परत डॉक्टर, परत पैसे, आणि शेवटी औषधाची खिडकी. पद्धत उत्तम, काम झटपट, पण ज्याला पाट्या वाचता येतात त्याच्यासाठी. आमच्या खिशात पैसे होते, हातात स्मार्टफोन होता, आणि तरी कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं.

आमच्याबरोबर शेजारच्या आजी आल्या होत्या. चिनीत अशा बाईमाणसांना 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने ओळीने आकडे लिहून दिले, कुठल्या खिडकीनंतर कुठली. अक्षरं येत नसली तरी आकडे आम्हाला वाचता येत होते! मुलीला मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या आणि आम्ही एकेक खिडकी गाठत गेलो. पहाटे ताप उतरला. त्या रात्री आम्हाला कशाची गरज होती, तर वाट सांगणाऱ्या माणसाची.

आता संबंध सांगतो. बीड-उस्मानाबादकडचा, म्हणजे आताच्या धाराशिवकडचा, एखादा शेतकरी बायकोला घेऊन मुंबईला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात येतो. भाषा त्याचीच, राज्य त्याचंच. पण फॉर्म इंग्रजीत, इमारती चार, खिडक्या वीस, आणि रात्री पथारी फुटपाथवर. त्याच्या खिशात आमच्याइतके पैसे नाहीत, आणि शेजारची आयी गावी राहिली. परकं व्हायला परदेशात जावं लागत नाही, मंडळी.

आजचा निधी अशा रुग्णांसोबत खिडकी-खिडकीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि नातेवाइकांच्या निवाऱ्यासाठी आहे. आपण सगळेच कधी ना कधी कुठल्यातरी परक्या खिडकीपुढे भांबावून उभे राहिलो आहोत. तेव्हा कुणीतरी आपल्याला आकडा लिहून दिला होता. तो आठवा, आणि आज चेकवर आकडा लिहिताना हात जरा सैल सोडा.