सराईचे घर होताना

बरकतपुऱ्याहून निघून चादरघाटाच्या पुलावरून मुसी ओलांडावी, मलकपेठ व दिलसुखनगर मागे टाकावे, म्हणजे विजयवाड्याच्या सडकेवर हयातनगर लागते. गोवळकोंड्याहून मच्छलीपट्टणच्या बंदराकडे जाणारे व्यापारी याच बाजूने जात. महंमद कुली कुतुबशहाची कन्या आणि अब्दुल्ला कुतुबशहाची माता हयातबक्षी बेगम १६६७ साली निवर्तली. तिच्या नावाचे हे गाव. मध्यभागी पाच कमानींची मशीद, भोवती विस्तीर्ण चौक, चौकाच्या कडेने ओळीने खोल्या, अशी येथील सराई. जवळच हत्ती बावडी आहे, कारण पाण्यावाचून मुक्काम कसला?

सराई बाहेरून पाहू जाता एखाद्या गढीसारखी भासते. भिंत कोरी, खिडक्यांचा मागमूस नाही; सारी दारे चौकाकडे. दिवेलागणीनंतर वेशीसारखा तो एक दरवाजा लागला, की माणूस, माल आणि जनावर तिन्ही निर्धास्त. खोलीपुढे कमानदार ओटा असे, आत दिव्यासाठी कोनाडा. एका रात्रीच्या पाहुण्याला याहून अधिक काय हवे!

बिऱ्हाडाला मात्र हवे असते. पहिली अडचण चुलीची. धुराला वाट नाही, म्हणून मागची भिंत फोडण्याचा मोह होतो. आणि इथेच घात होतो. दगड-चुन्याच्या अशा इमारतीत छत बहुधा कमानीचे असते. त्याचा रेटा दोन्ही अंगांना जातो आणि शेजारशेजारच्या खोल्या एकमेकींना आधार देऊन उभ्या राहतात. ऐसपैस दिवाणखाना हवा म्हणून एकाने मधली भिंत काढली, तर तडा शेजाऱ्याच्या घरात पडतो. त्यानंतर आडोशासाठी कमानी विटांनी बुजतात, ओटे चौकात सरकतात, आणि सर्वांचा चौक कोणाचाच राहत नाही.

लाहोर-आग्रा मार्गावरची अमानत खानची सराई याचे ठळक उदाहरण होय. ताजमहालावरील अक्षरे ज्याच्या लेखणीतून उतरली, त्यानेच ती १६४० च्या सुमारास बांधविली. पुढे तिच्यात कुटुंबे राहू लागली व सराईचे गावच झाले. दिल्लीत लाडोसराई, कालूसराई, बेरसराई ही तर आता वस्त्यांचीच नावे.

तथापि राहणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. वस्ती नसलेल्या सराईत भिंतींवर पिंपळ रुजतो आणि छत गळू लागले तरी कोणाला कळत नाही. थोडा विवेक राखला तर दोन्ही साधते. दोन खोल्या जोडायच्या तर मधल्या भिंतीत अरुंद कमानदार दार ठेवावे. चूल आत न घेता ओट्यालगत हलक्या पडवीत मांडावी. गिलावा सिमेंटचा न करता चुन्याचाच करावा, म्हणजे भिंतीतील ओल बाहेर पडते. चौक मात्र कोणी वाटून घेऊ नये. सगळ्या खोल्यांना उजेड आणि वारा तेथूनच येतो.