हाताची पारख आणि कागदाची सनद

(समाजाच्या येरमाळा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आजच्या व्याख्यानाचा मान मला दिला, त्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. चिटणिसांनी सुचविले होते की, शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलावे. परंतु ते महत्त्व मी सदतीस वर्षे वर्गात सांगितले आहे, आणि ते ऐकून कंटाळलेली मुलेच आज मोठी होऊन समोर बसली आहेत. त्यांना पुन्हा तीच शिक्षा नको. म्हणून मी निराळा विषय घेतला आहे. धंदा करावयाचा तर परवाना हवा, सनद हवी, प्रमाणपत्र हवे, असे आज जिकडे तिकडे ऐकू येते. ही मागणी कोठून आली, तिच्यात न्याय किती व जाच किती, आणि आपण सोनारकाम करणाऱ्यांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

विषय सुचण्यास कारण घडले ते असे. आपल्याच समाजातील एक तरुण गेल्या वर्षी पुण्यास एका पेढीत कामासाठी गेला. त्याच्या हातच्या बोरमाळेचा मणी पाहून जुने कारागीरही मान डोलावतात. पेढीत त्यास प्रथम विचारले गेले, “प्रमाणपत्र आहे काय?” त्याने पिशवीतून आपले काम काढले, पण ते पाहण्यास कोणास सवड नव्हती. तो त्याच रात्रीच्या गाडीने परत आला आणि आता महामार्गावरील एका ढाब्यावर हिशेब लिहितो. त्या पेढीस दोष देणे सोपे आहे. तथापि परक्या माणसाच्या हातात तोळा-तोळा सोने द्यावयाचे तर कशाच्या आधारावर द्यावे, हा तिचा प्रश्नही खोटा म्हणता येत नाही.

हा प्रश्न पूर्वीच्या काळीही होताच. आपल्यापैकी कित्येकांचे आडनाव पोतदार आहे. पोतदार म्हणजे सरकारी वसुलाचे नाणे पारखून घेणारा माणूस. त्या काळी ठिकठिकाणच्या टांकसाळींचे रुपये चालत, प्रत्येकाचा कस निराळा आणि बट्टा निराळा. या आपल्या मुलखात तर निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया शेजारीशेजारी नांदत होते. नाणे खरे की खोटे, हे गावात कोणी सांगावे? ज्याच्या घरी कसोटीचा दगड आहे त्याने. म्हणजे सरकारने विश्वास ठेवलेला पारखी आपल्याच घरातला होता. त्या अर्थाने आपले आडनाव हीच एक सनद होती, फक्त ती कागदावर नव्हती.

आणि विद्या कशी मिळे? मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की बागेसरीपुढे बसे. प्रथम कोळसे फोडणे व राख जपून ठेवणे, कारण त्या राखेतही सोने असते आणि झारेकरी ती विकत नेतो. मग फुंकणी. ज्योत कोठे टोकदार करावी व कोठे पसरट, हे गालांना समजेपर्यंत वर्ष सरे. त्यानंतर तार ओढणे, पत्रा ठोकणे, डाख लावणे. आणि सर्वांत शेवटी कस पाहणे. आठ-दहा वर्षे अशी गेली म्हणजे बाप एके दिवशी गिऱ्हाइकासमोर म्हणे, “हे काम पोराने केले आहे.” परीक्षा, निकाल आणि पदवीदान हे सर्व त्या एका वाक्यात उरकत असे.

ही पद्धत गोड होती असे म्हणून मी थांबणार नाही. तिच्यात दोन मोठी वैगुण्ये होती. जन्म हाच परवाना असल्यामुळे दुसऱ्या घरचा बुद्धिमान मुलगा ऐरणीजवळ फिरकू शकत नसे, आणि आपल्या घरची मुलगी, जी ऐरणीजवळच वाढली, तिलाही हातोडी मिळत नसे. तिने फक्त मणी ओवावेत. दुसरे असे की, लबाडाला आळा घालण्यास गावच्या कुजबुजीखेरीज साधन नव्हते. सोनाराविषयी ज्या म्हणी प्रचारात आहेत, त्या मी येथे उच्चारून दाखविण्याची आवश्यकता नाही. थोड्या लोकांनी सोन्यात हीण घातले आणि सर्वांच्या नावाला बट्टा लागला. बाहेरच्या कोणी तरी तपासून शिक्का मारावा, ही लोकांची इच्छा त्यातूनच निर्माण झाली.

आता १९६३ सालाकडे येतो. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे जे सांगतो ते वडिलांकडून ऐकलेले आणि पुढे वाचलेले. १९६२ साली चीनने आक्रमण केले. परकीय चलनाची चणचण होती, सोन्याची चोरटी आयात होत होती. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचा दागिना घडविण्यास बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठावन्न भाग सोने. आपल्याकडील लग्नात असे डोरले कोण घालणार? ते हाताला कडक लागते, ठोकताना चिरते, आणि आजी ते पाहताच “पितळ आहे” म्हणून बाजूला सारते. लाखो कारागिरांचे हात एका रात्रीत रिकामे झाले. देशात ठिकठिकाणी सोनारांनी आत्महत्या केल्याच्या वार्ता आल्या. पुढे सरकारने नियम सैल केले, कर्जे व मुलांच्या शिक्षणास सवलती देऊ केल्या, आणि १९६६ साली चौदा कॅरटचे बंधन उठले. परंतु नियंत्रण गेले नाही. १९६८ साली त्याचा रीतसर कायदाच झाला.

या कायद्याने आपली दोन गटांत वाटणी केली. व्यापार करणारा तो परवानाधारक, आणि हाताने काम करणारा तो प्रमाणित सुवर्णकार. प्रमाणित सुवर्णकारास प्रमाणपत्र मिळे, पण त्या प्रमाणपत्रात त्याच्या कसबाविषयी एक अक्षरही नसे. त्याने जवळ किती सोने बाळगावे यास मर्यादा होती, हिशेब ठेवावा लागे, तपासणीस येणाऱ्या माणसापुढे उभे राहावे लागे. माझ्या वडिलांनी ते प्रमाणपत्र चौकट करून येडेश्वरीच्या तसबिरीखाली लावले होते. लहानपणी मला वाटे, वडील परीक्षेत पहिले आले असावेत. एकदा एका अधिकाऱ्याने मोडीचे दोन डाग नोंदीत नाहीत म्हणून दिवसभर दुकान बंद ठेवविले. डाग गिऱ्हाइकाने तासापूर्वीच आणून दिले होते, हे सांगून उपयोग झाला नाही. संध्याकाळी वडील घरी आले आणि म्हणाले, “कागद आहे म्हणून धंदा करता येतो आणि कागद आहे म्हणूनच दारात शिपाई येतो.”

या कायद्यास आव्हान मिळाले. हरकचंद रतनचंद बांठिया यांच्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील कित्येक कलमे रद्द केली. परवाना देताना मागणीचा अंदाज, अर्जदाराची योग्यता, सार्वजनिक हित यांचा विचार अधिकाऱ्याने करावा, असे एका कलमात होते. हे शब्द इतके मोघम आहेत की त्यांच्या आधारे कोणालाही हो म्हणता येईल व कोणालाही नाही, असा न्यायालयाचा आशय होता. माझ्या मते परवान्याविषयीचे सर्व शहाणपण या मुद्द्यात आहे. ज्याच्या अटी स्पष्ट नसतात तो परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. असो. संसदेने कायदा दुरुस्त केला, तो पुढे वीस वर्षे राहिला आणि १९९० साली रद्द झाला. वडिलांनी चौकट मात्र काढली नाही. भिंतीला डाग पडला आहे, तो दिसेल, असे ते म्हणत.

परवाना म्हणजे जाचच, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. घरात वीज जोडणाऱ्याचे उदाहरण घ्या. वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करवावे, असे १९५६ च्या वीज नियमांत होते व आजच्या नियमांतही आहे. खेड्यात हा नियम किती पाळला जातो, ते आपण जाणता. यात्रेच्या मंडपात ओल्या बांबूला गुंडाळलेली तार मी स्वतः पाहिली आहे. तेथे चूक झाली तर मनुष्य मरतो. औषधे देणारा, मोटार चालविणारा, यांचेही तसेच. ज्याच्या अज्ञानाने दुसऱ्याचा जीव जातो, त्याला परवान्यावाचून कामास हात लावू देऊ नये. येथे मी कठोर आहे. परंतु ज्याच्या चुकीने फार तर एक मणी वाकडा होईल, त्याच्या वाटेत कायद्याचे फाटक कशाला? त्यास हवे तर प्रमाणपत्र द्यावे, ते नाही म्हणून धंदा बंद करू नये. जर्मनीत उस्तादाच्या सनदेवाचून कित्येक धंदे काढता येत नसत. २००४ साली त्यांनी त्रेपन्न धंद्यांची ही अट काढली, आणि २०२० साली बारा धंद्यांना ती पुन्हा लावली. इतक्या काटेकोर राष्ट्रालाही सीमारेषा एकदाच आखून भागले नाही.

(आम्हा शिक्षकांचेही पाहा. मी मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे केली आणि शाळेत उभा राहिलो. आता पात्रता परीक्षा आहे. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे. मी वेळेवर निवृत्त झालो, एवढेच म्हणतो.)

आपल्या धंद्यात आज शिक्का आहे तो मालावर. हॉलमार्क हा शब्द लंडनचा. तेथील सोनारांच्या संघाच्या हॉलमध्ये दागिना तपासून त्यावर खूण उमटवीत, म्हणून हॉलमार्क. ही व्यवस्था १४७८ सालापासूनची. म्हणजे ती खूण सरकारी कचेरीत जन्मली नाही, कारागिरांच्या संघात जन्मली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी ही योजना २००० साली सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या अशा दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण आवश्यक झाली. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे उत्तम झाले, यात संशय नाही. जुन्या म्हणींचे तोंड या खुणेने बंद केले. परंतु तिच्यातून एक गोष्ट निसटते. ती सोन्याचा कस सांगते, घडविणाऱ्याच्या हाताचा सांगत नाही. यंत्राने ठोकलेल्या डागावर आणि महिनाभर खपून घडविलेल्या ठुशीवर खूण एकाच जातीची. पूर्वी पारख आणि घडण एकाच माणसाजवळ होती. आता पारख यंत्राकडे गेली आणि कारागीर बिननावाचा झाला.

जन्माचा परवाना तर केव्हाच संपला. सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील शेतकऱ्यांची मुले गलाईचे काम शिकली आणि जुने सोने गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यात भारतभर पसरली. ती आपल्या जातीची नव्हती, त्यांच्याजवळ प्रमाणपत्रही नव्हते. गावचा माणूस गावच्या माणसाला घेऊन गेला, एवढीच त्यांची सनद. मुंबईच्या झवेरी बाजारात बंगालचे कारागीर बसतात. यात रागावण्यासारखे काही नाही. ते उत्तम काम करतात आणि आपली मुले फुंकणीपासून पळतात, ही खरी गोष्ट आहे.

आता प्रमाणपत्रे कोणती आहेत ते थोडक्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत सुवर्णकारीचा दोन वर्षांचा विषय आहे, पण तो सर्वत्र शिकविला जात नाही. ज्याने घरीच विद्या घेतली त्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची ‘पूर्वकौशल्याची मान्यता’ नावाची व्यवस्था आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे धरले असून त्यांत सोनार आहे. तीत प्रमाणपत्र व ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज अशी रचना ठेवली आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस हा लाभ आहे.

आपल्यातील एक वृद्ध कारागीर मला म्हणाले, “गुरुजी, तीस वर्षे डाख लावतो आहे. पाच दिवसांत मला कोण काय शिकविणार?” मी म्हणालो, “तुम्हाला शिकवायला नव्हे, बँकेला पटवायला.” ते हसले, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि माझेही पूर्ण झालेले नाही. पाच दिवसांचा कागद आणि तीस वर्षांचा हात यांना एकाच तराजूत घालणारी व्यवस्था सदोष आहे. ती सुधारावी असे वाटत असेल तर परीक्षकाच्या खुर्चीवर जुने कारागीर बसले पाहिजेत. कस पाहण्याची परीक्षा ज्याने कधी कसोटी हातात धरली नाही त्याने घ्यावी, हे विपरीत आहे. आणि परीक्षेस मुलींनाही बसवावे. मणी ओवणाऱ्या बोटांना डाख लावणे कठीण नाही, हे माझ्या पुतणीने घरी दाखवून दिले आहे.

यासाठी मंडळापुढे मी एक साधी सूचना ठेवतो. आपल्या पंचक्रोशीत कोण कोणते काम करतो, याची कोठेही नोंद नाही. कोणताही दाखला मागावयास गेले की किती वर्षे काम केले, कोणाकडे शिकला, काय घडवितो, असेच विचारतात, आणि आपली माणसे तेथे गोंधळतात. म्हणून मी एक वही आणली आहे. भोजनानंतर मंडपाच्या उजव्या बाजूस मी बसणार आहे. प्रत्येक कारागिराने येऊन नाव, वय, गुरूचे नाव आणि आपल्याला सर्वांत चांगले जमणारे एक काम लिहवून द्यावे. शक्य झाल्यास त्या कामाचा एक नमुना पुढील महिन्याच्या बैठकीस आणावा, म्हणजे त्याचे छायाचित्र वहीत लावता येईल. ज्यांना लिहिता येते त्यांनी स्वतः लिहावे. अक्षर वाईट असेल तर मी गुण कापणार नाही.