पाठमोरा वादक



व्यक्तिचित्र म्हटले की प्रथम चेहरा डोळ्यांपुढे येतो. छायाचित्रकाराच्या दुकानात आपण पाऊल टाकले की तो हनुवटी जरा वर करावयास सांगतो, दिवा इकडेतिकडे सरकवितो, ‘हलू नका’ असे बजावतो. ही सारी खटपट चेहऱ्यासाठी. मग ज्या चित्रात चेहराच नाही, त्याला व्यक्तिचित्र म्हणावे काय? आज ज्या छायाचित्राविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यात एक वृद्ध वादक आपल्याकडे पाठ करून खुर्चीवर बसला आहे. समोर दगडी भिंत, वर उंचावर एक लहानशी खिडकी. टक्कल पडलेले मस्तक वाद्याकडे किंचित झुकलेले. बस्स, एवढेच. आणि तरीही विसाव्या शतकातील उत्तम व्यक्तिचित्रांत त्याची गणना होते.

हे चित्र १९५४ साली फ्रान्समध्ये काढले गेले. वादक पाब्लो कासाल्स, छायाचित्रकार यूसुफ कार्श. कासाल्सचे वाद्य चेलो. हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण आकाराने पुष्कळ मोठे. वादक ते गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवितो. जर्मन संगीतकार बाख याने केवळ चेलोसाठी सहा रचना लिहिल्या होत्या. त्यांची एक जुनी प्रत तेरा वर्षांच्या कासाल्सला बार्सिलोनाच्या एका दुकानात सापडली. त्या रचना लोक तालमीचे धडे समजत. कासाल्सने बारा वर्षांच्या आसपास त्यांची मेहनत केली आणि मगच त्या श्रोत्यांपुढे मांडल्या. हे आपल्याला मुद्दाम सांगितले पाहिजे असे नाही. रियाज म्हणजे काय हे ह्या सभागृहाला ठाऊक आहे.

हा वादक त्या दगडी भिंतीपुढे कसा आला? कासाल्स मूळचा स्पेनमधील कातालोनिया प्रांताचा. १९३९ साली यादवी युद्ध संपले, जनरल फ्रँकोची हुकूमशाही स्थिर झाली आणि कासाल्स सीमेपलीकडे, फ्रान्समधील प्राद नावाच्या लहानशा गावी राहिला. महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रे फ्रँकोलाही घालवतील, अशी त्याला आशा होती. ती फोल ठरली. तेव्हा फ्रँकोशी संबंध ठेवणाऱ्या देशांत आपण जाहीर वादन करणार नाही, असे त्याने ठरविले. गवयाने गळा आवरून धरणे हा केवढा त्याग असतो! १९५० साली बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने जगातले नामवंत वादक प्रादलाच आले. तो त्यांच्याकडे जात नव्हता, म्हणून ते त्याच्याकडे आले.

आता छायाचित्रकाराकडे वळू. कार्श १९०८ साली तुर्कस्तानातील मार्दिन गावी एका आर्मेनियन कुटुंबात जन्मला. आर्मेनियनांची कत्तल त्याने बालपणी अनुभवली. १९२२ साली त्याचे कुटुंब जीव मुठीत धरून सीरियात पळाले, आणि पुढे हा मुलगा पोरवयातच कॅनडात छायाचित्रकार मामाकडे पाठविला गेला. ह्याच कार्शने १९४१ च्या डिसेंबरात ओटावा येथे चर्चिलच्या तोंडातील चिरूट एकाएकी काढून घेतला आणि त्याच्या मुद्रेवर उमटलेला राग टिपला. ते चित्र जगभर गाजले. तेथे कार्शने चेहरा अक्षरशः हिसकावून घेतला होता.

प्रादजवळच्या जुन्या मठात मात्र हा हिसकावणारा हात थांबला. कासाल्सने बाख वाजवावयास प्रारंभ केला आणि कार्श इतका हेलावून गेला की काही क्षण त्याला आपल्या कामाकडे लक्षच देता आले नाही. हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. मग त्याने पाठीमागूनच चित्र घेतले. असे आपण एरवी कधीही केले नाही, हेही त्याने नमूद केले आहे. त्या रिकाम्या खोलीत त्याला कलावंताचे एकटेपण दिसले, आणि देशोधडीला लागलेल्या माणसाचेही. आम्हांला वाटते, हे दुसरे एकटेपण ओळखावयास स्वतः परागंदा झालेला डोळाच लागतो.

आपल्या मैफलीत ह्याला नेमका शब्द आहे, ‘साथ’. चांगला साथीदार गवयाच्या पुढे धावत नाही. कोठे वाजवायचे ह्याइतकेच कोठे थांबायचे हे त्याला कळते. वादकाने आपली एकांतातली कला परक्या माणसापुढे उघडी केली. छायाचित्रकाराने आपले हुकमी साधन, म्हणजे चेहरा, सोडून दिला. दोघांनी मिळून केलेली निर्मिती ती हीच. एकाने विश्वास टाकला, दुसऱ्याने तो मोडला नाही. कोणी म्हणेल, ह्यात कासाल्सने वेगळे असे काय केले? तो नुसता वाजवीत होता. खरे आहे, पण कॅमेरा मागे उभा असताना ‘नुसते वाजविणे’ किती जणांना साधते?

कार्श एक आठवण सांगत असे. हे चित्र बोस्टनच्या कलासंग्रहालयात लावले होते. एक वृद्ध गृहस्थ रोज येई आणि बराच वेळ त्यापुढे उभा राही. तेथील अधिकाऱ्याने अखेर कारण विचारले, तेव्हा म्हाताऱ्याने त्यालाच गप्प केले. आपण संगीत ऐकत आहोत, हे दिसत नाही का, असे त्याचे म्हणणे! साथीला हा तिसरा, रसिक, मिळाला तेव्हा ती मैफल पुरी झाली.

कासाल्स १९७३ साली पोर्तो रिको बेटावर वारला. फ्रँको त्यानंतर दोन वर्षांनी गेला, आणि १९७९ साली कासाल्सच्या अस्थी त्याच्या जन्मगावी नेण्यात आल्या. जिवंतपणी जे घडले नाही ते मागाहून घडले.

आज गायकाने षड्ज लावताच सभागृहात शंभर मोबाइल उंचावतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. चांगले ते जपून ठेवावे असे वाटणे स्वाभाविकच आहे. पण जगप्रसिद्ध छायाचित्रकार आधी कॅमेरा विसरला आणि मगच त्याला चित्र मिळाले, एवढे पुढच्या मैफलीत आपण ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.