सुजेवरचं औषध : बैलाला गुण, गिधाडाला मरण



बैल लंगडतो, गाईची कास सुजते. मग सूज उतरवणारं, दुखणं थांबवणारं इंजेक्शन आपण देतो. असं नवं औषध आधी जनावरांवर तपासून पाहतात. सूज उतरते का, मूत्रपिंडाला अपाय होतो का, हे बघतात.

डायक्लोफेनॅकने गुरांना गुण येई. पण ते टोचलेलं जनावर लगेच दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. खाणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे आधी कोणी पाहिलंच नव्हतं! गिधाडं का दिसेनाशी झाली, ते २००४ मध्ये उघड झालं. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर सरकारने बंदी घातली.

पुढचं औषध मात्र नीट पारखलं. मेलॉक्झिकॅम दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या देशात गिधाडांनाच देऊन पाहिलं. गिधाडं जगली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक हीदेखील गुरांसाठी बंद झाली.

तेव्हा एवढं करा :

१. माणसांच्या दुकानातलं दुखण्याचं औषध गुरांना टोचू नका.

२. गुरांच्या डॉक्टरांना विचारा, "मेलॉक्झिकॅम चालेल का?" दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारून घ्या.

३. औषध दिलेलं जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात पुरा.

गिधाड मढं फस्त करतं, शिवार स्वच्छ ठेवतं. मजुरी न घेणारा हा गडी आपणच राखला पाहिजे.