पेटी बंद करून ऐकव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी दीपप्रज्वलनानंतर आपण जे भजन ऐकलं, ते कसं तयार झालं हे सांगायला समितीनं मला दहा मिनिटं दिली आहेत. मी संगीतातला कोणी मोठा माणूस नाही. नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. संध्याकाळी बासरी वाजवतो, गणपतीत, नवरात्रात कोणी बोलावलं तर जातो, एवढंच. घरच्या घरी मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं, आणि तेही आपल्या या मेळाव्यासाठी.

मल्टिट्रॅक म्हणजे काय, ते हिशेबनिसाच्या भाषेत सांगतो. वहीत जसे वेगवेगळे रकाने असतात, तसे गाण्याचे रकाने करायचे. एका रकान्यात पेटी, दुसऱ्यात तबला, तिसऱ्यात आवाज. प्रत्येक रकाना वेगळ्या दिवशी, वेगळ्या गावात भरता येतो. एकात खाडाखोड केली तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. शेवटी सगळ्यांची बेरीज केली की गाणं तयार.

पूर्वी असं नव्हतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीसाठी मुद्रित झालं, तेव्हा गाणारा आणि साथीदार एकाच खोलीत, एकाच कर्ण्यासमोर बसत. पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये गीतरामायण सुरू झालं, तेव्हाही गायक-वादक एकत्र बसूनच गात-वाजवत. १९४८ मध्ये लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकानं एकट्यानं गिटारचे आठ भाग एकावर एक चढवून 'लव्हर' ही तबकडी काढली. १९५७ मध्ये आठ ट्रॅकचं टेपयंत्र आलं, तेही मोठ्या श्रीमंतांच्या आवाक्यातलं. १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं छोटं यंत्र निघालं आणि ही विद्या घरात शिरली. आज तेच काम लॅपटॉप करतो. मी वापरलेला ऑडॅसिटी हा प्रोग्राम २००० सालापासून फुकट मिळतो. बाकी सामान म्हणजे दोन माइक लागतील असा एक ऑडिओ इंटरफेस, दोन माइक, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन आणि मुलीचा जुना लॅपटॉप.

गेल्या दिवाळीत ग्रुपवर ठरलं की शनिवारच्या प्रार्थनेनंतर आपण खंजिरीवर म्हणायचो ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन पुन्हा म्हणायचं. पण म्हणणार कुठं? तबलजी पुण्यात, खंजिरीवाला चंद्रपुरात, दोघी परदेशात. आणि बाईंची बोटं संधिवातानं आखडत चाललेली. डिसेंबरच्या मेळाव्यात त्या पेटीवर बसू शकतील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. बाई स्वतःच फोनवर म्हणाल्या, "मला वर्षभर थांबायला सांगू नको. आता बोटं चालतात, आता घे." म्हणून पहिला रकाना पेटीचा ठरला आणि जानेवारीत मी सामान घेऊन त्यांच्या घरी गेलो.

बाईंची पेटी काळी एकची. फोनवरचा तानपुरा लावला, तर पेटी त्याच्यापेक्षा किंचित चढी निघाली. जुन्या पेट्यांचं असं असतंच. पेटीचे सूर काही आपल्याला हलवता येत नाहीत, म्हणून तानपुराच बारीक बारीक चढवून तिच्याशी मिळवला. माइक भात्यापासून दूर, पेटीच्या वरच्या अंगाला ठेवला. भात्याजवळ ठेवला की सुरांपेक्षा वाराच जास्त येतो. भिंतीवर दोन रजया टांगल्या, पंखा बंद केला, आणि हेडफोनमध्ये मेट्रोनोमची टकटक सुरू केली. पुस्तकात तसंच सांगितलंय. आधी टकटक, मग तिच्यावर सगळी वाद्यं.

बाईंनी चार मात्रा ऐकल्या आणि हेडफोन काढून ठेवला. "हे कोण ठोकून राहिलं? आणि गाणारा कुठं आहे? मी साथ कोणाला करू?"

मित्रांनो, या एका प्रश्नात आमचा सगळा प्रकल्प होता. आपल्याकडे पेटीवाला गाण्याच्या मागून चालतो. गाणारा जिथं श्वास घेतो, तिथं पेटी भरते. तो अंतऱ्याकडे वळला की पेटी आधीच एक सूर पुढं जाऊन उभी राहते. साथ म्हणजे उत्तर. प्रश्नच नसेल तर उत्तर काय देणार? आणि या यंत्राची रीत अशी की साथ आधी, गाणारा नंतर.

मग आम्ही टकटक बंद केली. मी दुसरा माइक घेऊन स्वयंपाकघरात बसलो, बाई बैठकीत, मधलं दार बंद. मी गाईन ते त्यांच्या कानात, त्या वाजवतील ते माझ्या कानात, आणि दोघांचे रकाने वेगळे. माझा आवाज कच्चा, नंतर पुसून टाकायचा. फक्त बाईंना साथ करायला कोणी असावं म्हणून. बाई म्हणाल्या, "तीनदा वाजवीन, चौथ्यांदा नाही." तिसऱ्यांदा वाजवलेलं आज आपण ऐकलं. मुखड्याकडे परत येताना त्यांनी थोडी ओढ घेतली आहे आणि शेवटच्या अंतऱ्यात लय अंगठ्याएवढी वाढवली आहे. कोणत्याही मेट्रोनोमला ते जमणार नाही.

याचा त्रास झाला पुण्याच्या तबलजीला. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्याच्या हाताला चाळीस वर्षांपासून बसलेला. पण मोजायला टकटक नाही, आणि बाई कुठं ओढ घेणार ते पाठ असल्याशिवाय कळणार नाही. त्यानं दोन आठवडे नुसती पेटी ऐकली. मग एके रात्री फोन केला, "आठवीत बाईंनी मला घाईसाठी पट्टी मारली होती, आठवते बे? आता समजून राहिलं काहून मारली होती ते."

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून शिकलो. आपला आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत हेडफोनमध्ये यायला वेळ लागतो. लॅपटॉप आवाजाचे तुकडे गोळा करून पाठवतो. सेकंदाचे ४४,१०० तुकडे, आणि एका वेळी १,०२४ गोळा केले तर साधारण २३ मिलिसेकंद तिथंच जातात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे आपण आठ मीटर लांब बसून स्वतःचं वाजवणं ऐकतो आहोत असं होतं. तबल्याला ते चालत नाही. उपाय सोपा आहे. इंटरफेसवर एक बटण असतं, त्यानं स्वतःचा आवाज लॅपटॉपमध्ये न शिरता थेट कानात येतो.

आता कोरसकडे येतो. तुमच्यापैकी २३ जणांनी आपापल्या फोनवर गाऊन पाठवलं. एका फोनवर इयरफोन लावून पेटी-तबला ऐकायचा, दुसऱ्यावर गायचं. सुरुवातीच्या चार टाळ्या ऐकून त्यांच्याबरोबर आपणही टाळ्या वाजवायच्या. त्याच खुणेवर मी सगळे रकाने जुळवले. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं मी ग्रुपवर सात वेळा लिहिलं, कारण साधी पाठवली की व्हॉट्सॲप आवाज दाबून लहान करतं. कोणी बंद मोटारीत बसून गायलं, आणि ते फार स्वच्छ आलं. एकीनं कपड्यांच्या कपाटात डोकं घालून गायलं, तेही उत्तम. भंडाऱ्याच्या मित्राच्या मागे म्हैस आहे. ती समेवर ओरडली आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

एकेकाचा आवाज सुटा ऐकला तर आपल्यातले बरेच जण पाव सूर इकडे, पाव सूर तिकडे आहेत. पण २३ जण एकत्र ठेवले की तेच थोडंथोडं इकडेतिकडे असणं आवाजाला भरीव करतं. म्हणून मी कोणाचाही सूर यंत्रानं सरळ केला नाही. ज्यांनी "मला गाता येत नाही" असं लिहून पाठवलं होतं, त्यांचेही आवाज त्यात आहेत.

माझी बासरी शेवटी, मे महिन्यात. इथं नागपूरनं हात दाखवला. बासरीचा सूर तिच्यातल्या हवेवर अवलंबून. हवा तापली की ध्वनी वेगानं धावतो आणि सूर चढतो. पेटीच्या धातूच्या पत्त्यांवर उन्हाचा तसा परिणाम होत नाही. बाईंची पेटी जानेवारीच्या गारठ्यात घेतलेली, माझी बासरी ४४ अंशांत. फुंकेची हवा मुळातच गरम असते, म्हणून फरक गणितातल्याएवढा पडत नाही, पण कानाला खुपण्याइतका पडतोच. कूलर लावावा तर त्याची घरघर माइकमध्ये. शेवटी रीत बसली ती अशी. पहाटे साडेचारला उठायचं, कूलरनं खोली गार करायची, मग कूलर बंद, खिडक्यांवर गाद्या, आणि चार मिनिटांत वाजवून मोकळं व्हायचं. आमच्या घरचे शब्द सांगतो, "लोक कूलर लावून झोपतात, तुम्ही बंद करून काय करून राहिले?" दोन्ही पहाटे कोकिळा आली आहे. नीट ऐकलं तर दुसऱ्या अंतऱ्यात सापडेल. गाद्यांतूनही येते ती.

पावसाळ्यात बेरीज केली. पेटी मधोमध, तबला थोडा एका बाजूला, खंजिरी दुसऱ्या, कोरस दोन्हीकडे पसरलेला. मग लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेलो. तोपर्यंत त्यांची उजवी अनामिका वळेनाशी झाली होती. पेटीवर कापड होतं.

त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "पेटी बंद करून ऐकव."

तुम्हाला आठवत असेल, वर्गात बाई पेटी कधी सोडत नसत. "पेटी सोडली की तुम्ही सूर सोडता," हे वाक्य आपण पाचवीपासून दहावीपर्यंत ऐकलं. म्हणजे आपण सगळे मिळून पेटीशिवाय कसे गातो, हे त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. आता तिथं एक बटण होतं. मी पेटीचा रकाना बंद केला. तबला, खंजिरी आणि आपण २३ जण. सूर जागेवर होता. बाई म्हणतात तिथं ओढ, बाई म्हणतात तिथं श्वास, शेवटच्या अंतऱ्यात सगळ्यांची लय बरोबर बाईंएवढीच वाढलेली. पेटी ऐकू येत नव्हती, पण आपण सगळे तिच्याच मागून चाललो होतो.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं शिकवलं होतं की मी." आणि लगेच, "म्हैस कोणाची?"

मित्रांनो, माझ्या हिशेबात हे साधलं ते असं. या यंत्रात प्रत्येक जण एकटा गातो. समोर कोणी नसतं. पण साथ करायची असेल तर समोर नसलेल्या माणसाचं इतकं ऐकावं लागतं, की शेजारी बसूनही आपण कदाचित तेवढं ऐकलं नसतं. तबलजीनं बाईंना दोन आठवडे ऐकलं. शाळेत त्यानं कोणाचं दोन मिनिटं ऐकल्याचं मला आठवत नाही.

दोन विनंत्या करून थांबतो. एक, घरात कोणी गाणारे-वाजवणारे वडीलधारे असतील, तर चांगल्या यंत्राची वाट पाहू नका. दार बंद करा, पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा आणि त्यांना एकटं गायला लावू नका, त्यांच्यासोबत कोणी तरी बसा. दोन, बाईंच्या परवानगीनं त्यांच्या पेटीचा सुटा रकाना मी सगळ्यांना पाठवतो आहे. त्यात दुसरं काहीही नाही. मुलांना, नातवंडांना त्यावर गायला सांगा. काळी एक आहे, आणि मुखड्याशी ओढ आहे, तेवढं मात्र आधी ऐकून घ्यायला सांगा.