भलत्याच कामाची नौका

लग्नासाठीं मांडव घालावा आणि त्यांत कचेरी भरावी, असा प्रकार जपानच्या 'ओयोदो' या हलक्या क्रूझरच्या वांट्याला आला. क्यूशू बेटांतील एका नदीचें नांव धारण करणारी ही नौका कुरे येथें बांधली गेली आणि १९४३ च्या फेब्रुवारींत आरमारांत दाखल झाली.

अमेरिकन आरमार पॅसिफिक महासागर ओलांडून येईल. त्याचा माग दुरूनच काढून पाणबुड्यांचा तांडा त्यावर घालावा, ही मूळ कल्पना. त्या तांड्याची नायिका 'ओयोदो'. म्हणून तिच्यावर पाणतीरांच्या नळ्या मुळींच नव्हत्या. १५.५ सेंटिमीटरच्या सहा तोफा पुढच्या अंगास दोन बुरुजांत बसविल्या. 'मोगामी' वर्गाच्या क्रूझरांवरून उतरवून ठेवलेल्याच त्या! मागचें अंग सहा टेहळणी विमानांचें घर आणि तीं उडविणारें सुमारें ४५ मीटर लांबीचें यंत्र यांनीं व्यापलें.

कागदावर योजना मोठी सुबक दिसे. पण तिचा सारा भरंवसा न सिद्ध झालेल्या विमानावर होता. तें विमान 'शिउन'. शत्रूनें गांठलें कीं पोटाखालची तरंगणी टाकून देऊन त्यानें निसटावें, अशी युक्ति. पालाऊ बेटांकडे पाठविलेलीं सहा विमानें शत्रूनें पाडलीं. तरंगणी ऐन वेळीं सुटेना. अवघीं पंधरा विमानें बनलीं आणि काम थांबलें. वैमानिकांच्या प्राणांनीं व्हावी ती परीक्षा कारखान्यांतच व्हावयास हवी होती.

रिकामें विमानघर मग १९४४ त कचेरी झालें. तेथें बसून सरसेनापति तोयोदा यांनीं जूनमधील फिलिपीन समुद्राच्या लढाईचीं सूत्रें हालविलीं. सप्टेंबरअखेर ते जमिनीवर, हियोशी येथें गेले. २५ ऑक्टोबर रोजीं विमानवाहू 'झुइकाकु' कलली, तेव्हां ओझावा यांनींहि आपलें निशाण 'ओयोदो'वर आणलें. त्यांच्या चारहि विमानवाहू नौका त्या दिवशीं बुडाल्या.

१९४५ च्या फेब्रुवारींत तर सिंगापुराहून पेट्रोलचीं पिंपें, रबर व कथील वाहून आणण्याचें काम तिच्याकडे आलें, आणि तें तिनें सुखरूप पार पाडलें. पुढें तेलावांचून ती कुरेजवळ नांगरून पडली. २८ जुलै १९४५ रोजीं अमेरिकन विमानांच्या माऱ्यानें ती उथळ पाण्यांत उलथली. सुमारें तीनशें खलाशी गेले. शरणागति अवघ्या अठरा दिवसांवर होती.

१९४७ त तिला वर काढलें आणि कुरेच्याच गोदींत मोडीत घातलें.